जुनी गाडी, नवा फास्टॅग

गाडी पाहिली रे तुझी. इंजिन ठणठणीत आहे, टायरही अजून वर्षभर जातील. पण काचेवरचा जांभळा फास्टॅग आधीच्या मालकाचा आहे, त्याचं आधी बघ. पुण्याहून कोल्हापूरला निघालास की खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोलनाके लागतात. त्या माणसाचा टॅग चालू असेल तर तुझ्या प्रवासाचे पैसे त्याच्या खात्यातून जातील, आणि त्याने बंद केला असेल तर तू लेनमध्ये अडकशील. त्याला फोन करून त्याच्या बँकेकडून टॅग बंद करवून घे. एका गाडीला एकच चालू टॅग, असा नियम आहे. आरसी तुझ्या नावावर झाली की तीच दाखवून नवा घ्यायचा.

नवा टॅग लावण्याची घाई करू नकोस, बाळा. तो कुठे लावतोस यावर सगळं आहे. त्यात बॅटरी नसते. एक बारीकशी चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना, एवढंच. लेनच्या वर बसवलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्या लहरींतूनच चिपला शक्ती मिळते आणि हातातल्या आरशाने उन्हाचा कवडसा फेकावा तशी ती त्याच लहरी परतवून आपला नंबर कळवते. पैसे तिच्यात नसतात, ते बँकेच्या खात्यात. म्हणून रीडर आणि टॅग यांच्यामध्ये धातू येता कामा नये.

जागा ठरलेली आहे: पुढच्या काचेला आतून, मधोमध, वरच्या बाजूला, आरशाच्या मागे. तुझ्या गाडीची काच ऊन अडवणारी असेल तर नीट बघ. अशा काही काचांत धातूचा पातळ थर असतो, तो लहरी अडवतो. त्या काचांवर आरशाजवळ बहुधा थोडी जागा बिनथराची सोडलेली असते. कुठे, ते गाडीच्या पुस्तिकेत सापडेल. वरून फिल्म चिकटवली असेल तर तिचाही विचार कर.

लावताना काच आतून पुसून पूर्ण कोरडी होऊ दे. जुन्या टॅगचा चिकटा खरवडून काढ. मग एकदाच, मधून कडेकडे दाबत लाव. सरकवून, उपटून परत लावायला जाशील तर आतला अँटेना तुटतो. तो तसाच बनवलेला आहे, एका गाडीचा टॅग दुसरीला लावता येऊ नये म्हणून. आणि डॅशबोर्डवर ठेवून नाक्यावर हातात धरून दाखवायचा प्रकार अजिबात नको. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५मध्ये घेतला आहे. टॅग चालत नसेल तर जादा टोल पडतो. २०२५मध्ये रोखीने तो दुप्पट होता. १५ नोव्हेंबर २०२५पासून यूपीआयने दिला तर सव्वापट.

लेनमध्ये पुढच्या ट्रकच्या बुडाला चिकटू नकोस. मध्ये अंतर ठेवलंस की रीडरला तुझी काच मोकळी दिसते. ही सवय लावून घे, ती ब्रेकलाही बरी.

फास्टॅगचा वार्षिक पास तुझ्या कामाचा आहे, २०२५मध्ये तो तीन हजारांना होता: दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गांपुरताच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथे पैसे नेहमीसारखे खात्यातूनच कापले जातात. म्हणून पास असला तरी खात्यात शिल्लक ठेव.

राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर तुझा टॅग ठीक, शिल्लकही पुरेशी आणि त्यांचंच यंत्र बंद असेल, तर जादा भरायला लागत नाही. २०१८च्या नियमाप्रमाणे शून्य रकमेची पावती देऊन गाडी सोडायची असते. शांतपणे ती माग, ऐकलं नाही तर १०३३ला फोन लाव.

काच फुटून बदलावी लागली तर टॅगही गेला असं धर. बँकेला कळवून दुसरा मागव, आणि तो हाती येईपर्यंत नाक्यांच्या रस्त्याने लांबचा प्रवास टाळ.