छत्री उघडल्यावर पुढे काय? – दिशाक्षेत्राचा एक धडा



आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये विमानातून पहिली उडी मारण्याआधी जमिनीवर कसे उतरायचे याचा कसून सराव करून घेतात. पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकवलेले आणि जमीन लागताच अंग एका बाजूला लोळवायचे. या सरावामागे थोडे गणित आहे. ते आज चित्र काढून पाहू.

छत्री उघडलेल्या सैनिकावर दोन बले असतात. वजन त्याला खाली ओढते, हवेचा रोध वर ढकलतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून गुरुत्व त्वरण १० धरू आणि छत्रीचा गुणांक ०.४ घेऊ. मग,

त्वरण = १० − ०.४ × वेग²

येथे वेग खालच्या दिशेने, मीटर प्रति सेकंदात मोजला आहे. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, म्हणून हे अवकल समीकरण झाले. ते वेग किती हे सांगत नाही, वेग आता कसा बदलेल एवढेच सांगते. ते सोडवण्याच्या रीती पुढे शिकालच. आज ते न सोडवताच वाचू.

आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर काळ (१ सेंमी = ०.१ सेकंद), उभ्या अक्षावर वेग (१ सेंमी = १ मीटर प्रति सेकंद). आता वेगवेगळ्या वेगांना त्वरण काढा.

वेग ० : त्वरण १०
वेग ४ : त्वरण ३.६
वेग ५ : त्वरण ०
वेग ६ : त्वरण −४.४
वेग १० : त्वरण −३०

प्रत्येक वेगाच्या ओळीत त्या चढाच्या छोट्या रेघा मारा. ० च्या ओळीत त्या ४५ अंशांनी वर जातील, ५ च्या ओळीत आडव्या पडतील, १० च्या ओळीत तीव्र उतरतील. रेघांच्या या चित्राला दिशाक्षेत्र म्हणतात. कोणत्याही बिंदूवर पेन्सिल ठेवा आणि रेघांच्या कलाने पुढे न्या. जो मार्ग उमटेल तेच समीकरणाचे उत्तर.

कुठूनही निघा, पेन्सिल ५ च्या रेषेकडेच वळते. म्हणून छत्री वेळेवर उघडली, तर उडी किती उंचीवरून मारली याने उतरण्याचा वेग बदलत नाही. हा वेग म्हणजे सुमारे सव्वा मीटर उंच भिंतीवरून उडी मारण्यासारखा. वेग याहून फारसा कमी होणार नाही, म्हणून उरलेला धक्का शरीराने पेलायला शिकावे लागते. पण चित्रात जमीन दाखवलेली नाही, हेही ध्यानात ठेवा. ५ च्या रेषेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तेवढी उंची हाताशी हवी.

पेन्सिलीचे काम आकड्यांनीही करता येते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती रीत दिली: आताच्या चढाने छोटे पाऊल टाका, नव्या जागी चढ पुन्हा काढा, पुढचे पाऊल टाका. वेग १० पासून ०.१ सेकंदाची पावले टाकली तर वेग १०, ७, ६.०४, ५.५८ असा ५ कडे येतो.

आता घाई करून एकदम ०.५ सेकंदाचे पाऊल टाका. १० − ३० × ०.५ = −५. म्हणजे आपला सैनिक छत्रीसह आकाशात वर निघाला! गुणाकार बरोबर आहे, समीकरणही बरोबर आहे. चुकले ते पाऊल. चढ वाटेत बदलत होता आणि आपण अर्धा सेकंद त्याच्याकडे पाहिलेच नाही. अशी चूक संगणकही तितक्याच आत्मविश्वासाने करतो. दिशाक्षेत्र समोर असेल तर ती लगेच दिसते, कारण तेथे ५ च्या वरून निघालेला कोणताही मार्ग ५ ची रेषा ओलांडत नाही.

घरचा अभ्यास : छत्री तीच, पण सामानासह एकूण वजन दुप्पट झाले तर गुणांक ०.२ होतो. नवे दिशाक्षेत्र काढा. आडव्या रेघांची ओळ ७ च्या किंचित वर यायला हवी. तो वेग किती उंच भिंतीवरून उडी मारल्यासारखा आहे, तेही काढा. मग सामान उतरण्याआधी दोरीने खाली का सोडतात, ते तुम्हीच सांगाल.