जनुक मूक करण्याचे तंत्र आणि सोलापूरच्या फळबागा

सोलापूर जिल्ह्यात पाऊस थोडा व तोही बेभरवशाचा. अशा मुलखात डाळिंबाने शेतकऱ्याच्या प्रपंचाला मोठा आधार दिला आहे. येथील डाळिंबाचे महत्त्व ओळखून २००५ साली सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना करण्यात आली. पुढे २०१६ साली सोलापूर डाळिंबास भौगोलिक निर्देशांकही मिळाला. परंतु तेल्या, मर, खोडातील भुंगेरे व फुलकिडे यांमुळे बागाईतदाराचा औषधांवरील खर्च सतत वाढत आहे. अशा वेळी एखाद्या नव्या उपायाची वार्ता कानी आली की तिच्याकडे मन ओढले जाणे स्वाभाविक होय. जनुक मूक करण्याचे तंत्र हा असाच एक नवा उपाय आहे. तो कोणत्या शत्रूवर चालतो व कोणत्या शत्रूवर चालत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तंत्राचे मूळ तत्त्व

प्रत्येक सजीवाच्या पेशीत जनुके असतात. कोणते प्रथिन केव्हा तयार करावे, याची आज्ञा जनुकात नोंदलेली असते. ही मूळ नोंद पेशीच्या केंद्रकातून बाहेर जात नाही. तिची नक्कल निघते व त्या नकलेवरहुकूम प्रथिन बनते. या नकलेस संदेशवाहक आरएनए असे म्हणतात. गावच्या दप्तरातील मूळ नोंद दप्तरातच राहते आणि काम मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर चालते, तशातलाच हा प्रकार आहे. दप्तराला हात न लावता निघणारा प्रत्येक उतारा फाडून टाकला, तर नोंद असूनही काम अडते. जनुक मूक करणे म्हणजे नेमके हेच.

उतारा फाडण्याची ही यंत्रणा निसर्गतःच वनस्पतींत व प्राण्यांत असते. बहुतेक विषाणूंच्या वाढीत दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. पेशीस तो आढळला की एक विकर त्याचे सुमारे एकवीस ते चोवीस घटकांचे लहान तुकडे करते. हे तुकडे वाटाड्याप्रमाणे काम करतात. त्यांच्याशी ज्या संदेशाची अक्षरे जुळतात, तो संदेश शोधून कापला जातो. १९९० साली पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करण्याच्या प्रयत्नात काही फुले उलट पांढरी निघाली. त्या वेळी या घटनेचा उलगडा झाला नाही. १९९८ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांतून दुहेरी आरएनएचे कार्य स्पष्ट केले. या शोधाबद्दल त्यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पपईचा धडा

पीकसंरक्षणात या यंत्रणेचा पहिला मोठा लाभ पपईस झाला. पपईचा वलयांकित ठिपक्यांचा विषाणू महाराष्ट्रास नवा नाही. तत्कालीन मुंबई प्रांतातील पपईच्या केवडा रोगाची नोंद १९४८ सालीच प्रसिद्ध झाली होती. मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. १९९२ साली हवाई बेटांवरील पुना भागात हा विषाणू पोहोचला व तेथील बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. डेनिस गोन्साल्विस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या आवरणाचे जनुक पपईत घालून रोगप्रतिकारक वाण तयार केले. 'रेनबो' व 'सनअप' या वाणांचे बियाणे १९९८ साली तेथील शेतकऱ्यांस मिळाले आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. विषाणूचा संदेश मूक होणे हेच या प्रतिकाराचे मर्म होते, हे संशोधनाने दाखवून दिले.

तथापि या यशास मर्यादाही आहे. अक्षरे जुळली तरच संदेश कापला जातो. हवाईतील विषाणूविरुद्ध खंबीर असलेले 'रेनबो' झाड अन्य देशांतील भिन्न जातीच्या विषाणूस बळी पडते. म्हणून परदेशचे वाण आणून येथील रोग हटेल, असे गृहीत धरता येत नाही. येथील विषाणूचा अभ्यास करून येथेच उपाय घडवावा लागतो.

कीड नियंत्रण व बाजारातील उत्पादने

२००७ साली दोन स्वतंत्र प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकात मक्याच्या मुळावरील भुंगेऱ्याच्या अळ्या व दुसऱ्यात कापसावरील बोंडअळी यांचे एक जनुक वनस्पतीतील दुहेरी आरएनएने मूक करण्यात आले होते. मक्यातील या संशोधनातून निघालेल्या वाणास अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली व २०२२ साली ते व्यापारी लागवडीस आले.

दुसरा मार्ग फवारणीचा आहे. यात पिकाच्या जनुकांत बदल करावा लागत नाही. बटाट्याची पाने खाणाऱ्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी 'लेडप्रोना' हे दुहेरी आरएनएचे औषध ग्रीनलाइट बायोसायन्सेस या कंपनीने तयार केले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्याची नोंदणी झाली. भुंगेऱ्याने फवारलेले पान खाल्ले की त्याच्या पेशीतील निरुपयोगी प्रथिनांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा बंद पडते व तो मरतो. असा आरएनए उन्हापावसात लवकर नष्ट होतो, ही एक अडचण असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर व सहकाऱ्यांनी तो सूक्ष्म चिकणमातीच्या पापुद्र्यांत बसविला. एका फवारणीने पानास वीस दिवसांपर्यंत विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचे त्यांनी २०१७ साली दाखविले.

सर्व शत्रूंवर एकच अस्त्र नव्हे

हे तंत्र भुंगेऱ्यांवर उत्तम चालते. पतंगवर्गीय अळ्यांच्या पोटातील विकरे मात्र आरएनएचे लवकर तुकडे करून टाकतात, त्यामुळे त्यांच्यावरील परिणाम अनिश्चित राहतो. डाळिंबाचे फळ पोखरणारी अळी फुलपाखराची असल्याने याच गटात मोडते. खोडास छिद्रे पाडणारा किडा भुंगेरा आहे खरा, परंतु तो लाकडाच्या आत राहतो व तेथे वाढणाऱ्या बुरशीवर जगतो. पानांवरील फवारा त्याच्या पोटात जाणार नाही.

तेल्याविषयी तर विशेष सावध राहणे आवश्यक आहे. हा रोग झँथोमोनास वर्गातील जिवाणूमुळे होतो. दुहेरी आरएनएचे तुकडे करून संदेश कापणारी वर वर्णिलेली यंत्रणा जिवाणूत नसते. सबब तेल्याच्या जिवाणूस अशा फवाऱ्याने थेट मूक करता येत नाही. येथे वेगळी वाट आहे. जिवाणू झाडाचीच काही जनुके आपल्या सोयीसाठी चालू करून घेतात. भाताच्या करप्यात असे एक जनुक मूक केल्यावर झाड त्या जिवाणूस दाद देत नाही, असे २००६ साली दिसून आले. परंतु त्याच जनुकाचे परागांच्या वाढीतही कार्य असल्याने ते सरसकट मूक केल्यास बीजधारणेस बाधा येते. डाळिंब बहुवर्षायू आहे. त्यात असा फेरबदल करून, बहार धरून, फळे पारखून घेण्यास पुष्कळ वर्षे लागतात.

कीडही स्वस्थ बसत नाही. प्रयोगशाळेत मक्यावरील भुंगेऱ्यांच्या अनेक पिढ्या दुहेरी आरएनएवर वाढविल्या असता, तो पेशीत शिरूच न देणारे भुंगेरे निपजले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. अशा किडीपुढे या प्रकारची इतर औषधेही निकामी ठरतात. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी पुन्हा माजली, हा अनुभव महाराष्ट्राने २०१७ साली घेतला आहे. एकाच अस्त्रावर विसंबणे किती महाग पडते, हे त्यावरून ध्यानी यावे.

बागाईतदारांनी काय करावे

१. 'आरएनए' हे नाव घेऊन कोणी तेल्यावरील रामबाण औषध विकू लागल्यास ते घेऊ नये. कोणत्याही पीकसंरक्षक औषधाच्या वेष्टनावर केंद्रीय नोंदणी क्रमांक, पीक व रोग यांचा उल्लेख आहे की नाही, हे प्रथम पाहावे आणि पक्की पावती घ्यावी.

२. गुटी कलमे रोगमुक्त मातृवृक्षापासूनचीच घ्यावीत. स्वस्त कलमाबरोबर रोगही बागेत येतो.

३. तेल्याग्रस्त बागेत पावसाळ्यातील बहार टाळून हस्त बहार धरावा व झाडांस पुरेशी विश्रांती द्यावी.

४. रोगट फांद्या व फळे वेचून जाळावीत. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

५. पपईच्या बागेत विषाणूग्रस्त झाड दिसताच उपटून नष्ट करावे.

जनुक मूक करण्याच्या तंत्रास उज्ज्वल भवितव्य आहे. ठरावीक शत्रूस गाठून मित्रकिडींस शक्य तितके वाचविणारे औषध शेतीस हवेच आहे. परंतु प्रयोगशाळेतील यश व बागेतील यश यांमध्ये बराच पल्ला असतो. तो पल्ला संशोधक पार करीत असताना शेतकरी बंधूंनी आपल्या बागेची स्वच्छता व बहाराचे नियोजन यांत ढिलाई करू नये. नवे औषध उद्या आले, तरी त्याचा गुण निरोगी व निगा राखलेल्या बागेतच दिसेल.