रानाचा राखणदार कोण?



सिद्धगडाचे नाव आपण ऐकतो ते बहुधा भाई कोतवालांमुळे. मुरबाड तालुक्यातल्या ह्या डोंगरात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. माथेरानच्या ह्या वकिलाने आधी खेड्यांत शाळा काढल्या, धान्यपेढ्या चालवल्या; मग १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. त्या मनोऱ्यांविषयी आम्हांला दोन शब्द लिहायचे आहेत. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची वीजकेंद्रे सह्याद्रीच्या पाण्यावर उभी राहिली. तारा डोंगरपायथ्याच्या वाड्यांवरून गेल्या, दिवे मुंबईत लागले, आणि वाडीत चूल व चिमणी राहिली.

ही चाल पुढेही मोडली नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२ साली झाले, पुढे वैतरणा व भातसा झाली. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसातून जाते. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहापूरच्या चोंढे गावी २००८ सालापासून घाटघर प्रकल्पाचे २५० मेगावॅटचे वीजघर चालते. रात्री उरलेल्या विजेने खालचे पाणी घाटावर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ती योजना आहे. योजना हुशारीची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चोंढ्याच्या भोवतालच्या घरांत चूल कशावर पेटते, हा प्रश्न त्या आराखड्यात कोठे बसत नाही.

आता रानाकडे वळू. सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे रान पुणे, ठाणे व रायगड ह्या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू येथे राहतो. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. फांदीला फांदी भिडलेली नसेल तर त्याची वाटच तुटते. म्हणून झाडे राखलीच पाहिजेत, ह्यात वाद नाही.

परंतु त्याच झाडांशी महादेव कोळी, ठाकूर व कातकरी कुटुंबांचा संसार बांधलेला आहे. चुलीला सरपण हवे. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर ऐनाची टहाळी हवी. रानभाज्या, मध, हिरडा हेही रानातूनच येते. अभयारण्य म्हटले की बंधने आली, आणि कालपर्यंत आईच्या घरात जावे तसे रानात जाणारी बाई आज मोळी डोक्यावर घेऊन गार्ड दिसताच आडवाट धरते. तिला चोर म्हणणे सोपे आहे. पण ज्याला आपण चोर ठरवले, तो राखण कशी करील?

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी म्हटले आहे, की जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. सेमिनरीत हे वाचताना पटते. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषींनी जगभरची सामाईक राने, कुरणे व पाटबंधारे तपासून दाखवले, की ज्यांचा त्यावर निर्वाह आहे त्यांनीच नियम केले व त्यांनीच देखरेख ठेवली तर सामाईक ठेवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मते खरा प्रश्न मालकीपेक्षा नियम कोणी केला हा आहे.

ह्याचा दाखला शोधायला दूर जायला नको. सिद्धगडाच्या बाजूने घाट चढून गेले की आहुपे गाव लागते. तेथे देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या झाडीत कुऱ्हाड चालत नाही. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ व वर्तक ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास केला. त्यामागची श्रद्धा आपली नाही. पण कोणताही गार्ड नसताना पाळली गेलेली ती शिस्त आपण मान लववून शिकावी अशी आहे.

कायद्यानेही हे रूप धारण केले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले पारंपरिक रान राखण्याचा व वापरण्याचा सामूहिक हक्क दिला, आणि राखण्याची जबाबदारीही टाकली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली असा हक्क सुमारे १८०० हेक्टर रानावर मिळाला. २०११ साली आपला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. त्याआधी कित्येक वर्षे हे गाव अभ्यासगटात बसून चर्चा करीत होते व निर्णय मतमोजणीने न घेता सर्वसहमतीने घेत होते. वरून कागद आला तेव्हा खाली माणसे तयार होती. मेंढ्याची ही बाजू फार कमी सांगितली जाते.

इंधनाच्या बाबतीत आपण नेमके उलट केले. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला व २००२ साली गुंडाळला गेला. लाखो चुली वाटल्या गेल्या, पुष्कळशा लवकरच मोडीत निघाल्या. भाकरी थापणारीला तवा केवढा लागतो, लाकूड कोणते मिळते, हे पुरेसे विचारलेच गेले नाही. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी पाड्यांपर्यंत गेली, ही मोठीच गोष्ट. पण भरलेले सिलिंडर विकत आणायला रोकड लागते, आणि मजुरी नसलेल्या महिन्यात पुन्हा मोळीच येते. सौर दिव्यांचेही तेच. बॅटरी बिघडल्यावर कोणाकडे जायचे हे गावात ठरलेले नसेल तर पत्र्यावर फक्त काच उरते. पाड्यातल्याच दोन मुलींना दुरुस्ती शिकवली आणि घरटी महिना थोडी वर्गणी ठरवली, तर तोच दिवा टिकू शकतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात ह्याच दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: निर्णयाच्या मेजावर स्थानिक लोकांना विशेष स्थान हवे, आणि लहान समूहांनी सहकारातून आपली वीज आपण निर्माण करावी. जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते ते वरच्यांनी हिरावू नये, हे तत्त्व तर ख्रिस्तसभा १९३१ पासून शिकवत आली आहे.

शहापूर तालुका पूर्णपणे व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा कायद्याच्या २०१४ सालच्या राज्य नियमांप्रमाणे एखादा पाडाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. वनहक्काच्या दाव्यासाठी दहा ते पंधरा जणांची समिती लागते, त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. अडते ते बहुधा पुराव्याशी. जुने कागद नसतात आणि लोक निराश होतात. पण गावातल्या वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हाही नियमांनुसार पुरावा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. आपल्या धर्मग्रामात लिहिता-वाचता येणारे, सुट्टीत सिद्धगडावर ट्रेकला जाणारे तरुण पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी त्यांनी वाडीत विचारावे, आणि त्यांनी हो म्हटले तर वही-पेन घेऊन म्हाताऱ्यांजवळ बसावे: सरपण कोठून आणायचे, गुरे कोठवर जायची, कोणता झरा कधी आटायचा, रानाची हद्द कोणत्या ओढ्याला संपायची, हे ते सांगतील तसे त्यांच्याच शब्दांत उतरवून द्यावे.