अधिकृत वेळ किती रुपयांना पडते?

‘पन्नास मीटर फ्रीस्टाइल छत्तीस सेकंदांत मारतो’ असे छातीठोक सांगणारे पन्नाशीतले गडी बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, चिखली, मेहकरकडे भेटतात. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली ही मंडळी. त्यांच्या दमाबद्दल शंका नाही. पण ते छत्तीस सेकंद काठावर उभ्या मित्राने मोबाइलवर मोजलेले असतात. कागदावर त्यांची किंमत शून्य. स्पर्धेच्या अर्जात वेळेच्या रकान्यात मग ‘एनटी’, म्हणजे ‘वेळ नाही’, असे लिहावे लागते आणि सर्वांत संथ हीटमध्ये पोहावे लागते.

वेळ अधिकृत व्हायची तर चार गोष्टी जुळाव्या लागतात : मान्यताप्राप्त स्पर्धा, मोजमाप झालेला २५ किंवा ५० मीटरचा तलाव, नेमलेले पंच आणि नोंदणी झालेला जलतरणपटू. हॉटेलच्या वीस मीटरच्या टाकीतली वेळ कुठेच चालत नाही. मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहून आलात तर त्याचा मान वेगळा, पण तिथल्या लाटा-प्रवाहातली वेळ तलावाच्या यादीत जात नाही. २५ आणि ५० मीटरच्या तलावांच्या वेळाही वेगळ्याच धरतात, कारण लहान तलावात वळणे जास्त आणि भिंतीला मारलेल्या प्रत्येक धक्क्याचा फायदा मिळतो.

प्रौढांची म्हणजे मास्टर्स गटाची जलतरण स्पर्धा २५ वर्षांपासून सुरू होते आणि गट पाच-पाच वर्षांचे असतात. वय धरतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे. डिसेंबर १९७६चा जन्म असेल तर २०२६च्या जानेवारीतच तुम्ही ५०-५४ गटात गेलात. गटातले पहिले वर्ष म्हणजे तुम्ही त्यात सर्वांत तरुण. खर्च करून लांब जायचेच असेल तर ते याच वर्षी करा.

नोंदणीची वाट जिल्हा संघटना, मग राज्य संघटना, मग भारतीय जलतरण महासंघ अशी आहे. आधार कार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र एवढी कागदपत्रे हाताशी ठेवा. तीनही संघटनांकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले हवे. निकालपत्रात आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलले की पुढच्या वर्षी तुमचीच वेळ तुम्हाला सापडत नाही. शुल्क परिपत्रकात छापलेले असते. तेवढेच भरा आणि पावती घ्या. ‘मास्टर्स’ नावाने स्पर्धा भरवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. पदक कुठेही मिळेल. पण पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : या स्पर्धेला जलतरण महासंघाची किंवा राज्य संघटनेची मान्यता आहे का? उत्तर गोलमोल आले तर खिशात हात घालू नका.

आता खरा खर्च. बुलढाणा शहराला रेल्वे नाही, त्यामुळे मलकापूर गाठणे आले. समजा स्पर्धा नाशिकच्या वीर सावरकर जलतरण तलावावर आहे. मलकापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर, साध्या एसटीला ८०-९० रुपये. पुढे नाशिक रोडपर्यंत स्लीपरचे तिकीट अडीचशेच्या आसपास. जाऊन-येऊन सातशे धरा. दोन रात्रींचा साधा लॉज दोन हजार, तीन दिवसांचे जेवण-चहा बाराशे, रिक्षा चारशे. म्हणजे प्रवेश फी सोडून ४,३०० रुपये. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे, ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

बाकी सामान फार नाही. चष्मा चारशे ते हजार, सिलिकॉनची टोपी दोनशे-तीनशे, पुरुषांसाठी गुडघ्यापर्यंतचा जॅमर सातशेपासून पुढे. गुडघ्याखाली जाणारा किंवा चेन लावलेला पोशाख नियमात बसत नाही. हजारोंचे ‘रेसिंग सूट’ विकणारे दुकानदार भेटतील. माझ्या मते ते पैसे दुसऱ्या स्पर्धेच्या प्रवासाला ठेवावेत.

तलावावर वेळ कशी ठरते हे माहीत असले तर भांडणे टळतात. भिंतीवर टचपॅड असतील तर यंत्राची वेळ अंतिम. नसतील तर प्रत्येक लेनला तीन घड्याळे. दोन जुळली तर ती वेळ; तिन्ही वेगळी आली तर मधली. ३४.६२, ३४.७१ आणि ३४.६८ असेल तर निकाल ३४.६८. एक घड्याळ बंद पडले तर उरलेल्या दोन्हींची सरासरी : ३४.६२ आणि ३४.७१ यांची ३४.६६५ येते, शेवटचा ५ सोडून ३४.६६ लिहितात. पन्नास मीटरच्या तलावात पन्नासची शर्यत सुरू होते समोरच्या टोकाला आणि वेळ घेणारे असतात या टोकाला. सुरुवातीचा आवाज तेवढे अंतर कापायला सुमारे ०.१५ सेकंद घेतो. म्हणून चांगला टाइमकीपर कानावर विसंबत नाही, तो दिव्याच्या चमकेवर बटण दाबतो.

हरकत घ्यायची तर ती लेखी, शर्यत संपल्यापासून ३० मिनिटांत आणि अनामत भरून घ्यावी लागते. हरकत फेटाळली की अनामत गेली. तोंडी वादाचा उपयोग नाही. निकाल भिंतीवर लागला की फोटो काढा आणि वहीत तारीख, तलावाची लांबी, हीट, लेन, वेळ आणि ती यंत्राची की हातघड्याळाची हे टिपून ठेवा. पैसे वाचवायची एक युक्तीही आहे : रिलेतल्या पहिल्या जलतरणपटूची वेळ स्वतंत्र वेळ म्हणून धरता येते. चौघांचा संघ जमला तर तुम्ही पहिले उतरा. जागतिक मास्टर्स स्पर्धेचा विचार असेल, २०२५ची सिंगापूरला झाली, तर तिथे पात्रता वेळा असतात आणि देशाऐवजी क्लबच्या नावाने उतरता येते.

शेवटी जिल्ह्यातल्या मंडळींना एक विनंती. वीस जण नाशिकला गेले तर ८६ हजार रुपये नुसते जाण्या-राहण्यात जातात. मोजमाप केलेल्या सहा लेनच्या तलावाला लागतात अठरा घड्याळे. पाचशेचे एक धरले तरी नऊ हजार. घड्याळे धरायला क्रीडाशिक्षक आणि शारीरिक शिक्षण महाविद्यालयांचे विद्यार्थी मिळतील. दोन-तीन पात्र पंचांचा प्रवास आणि मुक्काम धरला तरी खर्च पंचवीस हजारांच्या आत बसावा. जिल्हा संघटनेने राज्य संघटनेकडे आधी मान्यता मागून वर्षातून एक दिवस अशी स्पर्धा घ्यावी. अर्जावर सही करायला वीस जण पुढे या, म्हणजे संघटनेलाही नाही म्हणता येणार नाही.