ध्वनिवर्धकाची जोडणी : माइकापासून कर्ण्यापर्यंत

गांवच्या सभेंत शेवटच्या रांगेस बसणारीं माणसें बहुधा म्हातारीं, भिडस्त किंवा दुरून चालत आलेलीं असतात. त्यांस एक शब्दही ऐकूं गेला नाहीं, तरी तीं उठून तक्रार करीत नाहींत. मुकाट्यानें बसतात व तशींच घरीं जातात. म्हणून ध्वनिवर्धक नीट लावणें हें केवळ कारागिराचें काम नव्हे. जो मनुष्य सभा बोलावतो त्याचेंही तें कर्तव्य आहे. भोर व वेल्हे ह्या भागांत तर ह्याची गरज विशेष आहे. येथील वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, पावसाळा जोराचा, आणि ऐन वेळीं मिस्त्री मिळणें कठीण. ह्यास्तव हा पाठ प्रत्येक गांवीं निदान दोघांनीं तरी शिकून ठेवावा.

ही विद्या फार जुनी नाहीं. १९१५ सालीं अमेरिकेंत जेन्सन व प्रिडहॅम ह्या दोघांनीं सॅन फ्रान्सिस्को शहरांतील मोठ्या जमावास आपल्या यंत्रानें आवाज ऐकवला. आपल्या देशांत स्वातंत्र्याच्या चळवळींतील सभांस मोटवाने ह्यांच्या शिकागो रेडिओ ह्या पेढीचे माइक व कर्णे असत. गांधीजींच्या जुन्या छायाचित्रांत माइकावर तें नांव वाचतां येतें. तेव्हां जें काम मोठ्या पेढीकडे सोंपवावें लागे, तें आतां खेड्यांतील तरुण करूं शकतो. मात्र नियम तेच आहेत.

१. आवाज आंत नेणें

माइकांतून निघणारी वीज फार अल्प असते. एका व्होल्टाचा हजारावा भाग, किंवा त्याच्या कांहीं पट. मोबाइल फोन किंवा वाजविण्याचें दुसरें यंत्र ह्यांतून निघणारी वीज त्याहून शेंकडो पट असते. एक झरा, तर दुसरा पाट. म्हणून ॲम्प्लिफायरला दोन निरनिराळ्या वाटा ठेविलेल्या असतात. ‘माइक’ अशी खूण असेल तेथें माइकच जोडावा. ‘ऑक्स’ अशी खूण असेल तेथें फोन जोडावा. फोन माइकाच्या जागीं जोडला तर आवाज फाटतो; माइक ऑक्सच्या जागीं जोडला तर कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि लोक विनाकारण यंत्रास दोष देतात.

फोनच्या दोरींत डावा व उजवा असे दोन आवाज असतात. ॲम्प्लिफायरला एकच वाट असल्यास हे दोन धागे नुसते पिळून एकत्र करूं नयेत. आंत रोधक बसविलेली तयार दोरी मिळते, ती घ्यावी. माइकाची दोरी विजेच्या दोरीस चिकटून नेऊं नये, नाहीं तर भुणभुण ऐकूं येते. ज्या माइकाचें काम नाहीं त्याचें बटन शून्यावर ठेवावें.

२. आवाज बाहेर नेणें

आतां पाठाचा मुख्य भाग. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागें स्क्रूंची ओळ असते. त्यांपैकीं एक सामाईक. बाकीच्यांवर ४, ८, १६ ओहम आणि ७० व १०० व्होल्ट अशा खुणा असतात. कर्ण्याची एक तार सामाईक स्क्रूस व दुसरी बाकीच्यांपैकीं एकास लावावयाची. एकाच वेळीं दोन निरनिराळ्या खुणांवर कर्णे लावूं नयेत.

ओहम म्हणजे अडथळा. कर्ण्यांचा एकंदर अडथळा स्क्रूवरील आंकड्याइतका असावा. त्याहून कमी कधींही नसावा. १६ ओहमचे दोन कर्णे शेजारीं शेजारीं, म्हणजे दोघांच्याही तारा त्याच दोन स्क्रूंस लावल्या, तर एकंदर अडथळा ८ ओहम होतो. ८ ओहमचे दोन कर्णे एकामागून एक, म्हणजे पहिल्यांतून दुसऱ्यांत असे जोडले, तर १६ ओहम होतो.

समजा, गुंजवणीच्या खोऱ्यांत एका वाडीनें वर्गणी काढून यंत्र घेतलें. सभेच्या दिवशीं कोणी हौसेनें ८ ओहमचे चार कर्णे एकाच जोडीस बांधले. एकंदर अडथळा किती झाला? ८ भागिले ४, म्हणजे अवघा २ ओहम. पाटास एकाच वेळीं चार दारें उघडावीं तशी वीज धांवते. आरंभीं आवाज उत्तम वाटतो. मग यंत्र तापतें, जळका वास येतो, आणि सर्व शांत होतें. गरिबांनीं पैसा पैसा करून जमविलेली रक्कम अशी एका सायंकाळीं राख होते. बेरीज-भागाकार आधीं केला असता तर ती वांचली असती.

वॅटांचाही हिशेब पाहावा. ६० वॅटच्या यंत्रास सारखे दोन कर्णे लावले, तर प्रत्येकास ३० वॅट पोहोंचूं शकतात. म्हणून कर्ण्याचें युनिट ३० वॅटांहून लहान नसावें.

३. दूरचे कर्णे

कर्णा १०० मीटर दूर असेल तर जाऊन येऊन तार २०० मीटर होते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या अशा तारेचाच अडथळा सुमारें साडेतीन ओहम होतो. ८ ओहमच्या कर्ण्यास ही तार लावली तर दहा हिश्शांपैकीं सुमारें तीन हिस्से शक्ति तारेंतच खर्च होते. म्हणून लांबच्या अंतरासाठीं १०० व्होल्टची जोडणी करावी. हींत दाब अधिक व प्रवाह थोडा असल्यानें ६० वॅट पाठविले तरी त्याच तारेंत शंभरांपैकीं सुमारें दोनच हिस्से जातात.

परंतु ह्या जोडणींत प्रत्येक कर्ण्यास लाइन ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे. तो नसलेला कर्णा १०० व्होल्टवर लावला तर जळेल. येथें ओहम मोजावयाचे नाहींत, ट्रान्सफॉर्मरवरील वॅटांची बेरीज करावयाची. ती यंत्राच्या वॅटांहून अधिक होऊं नये. थोडी कमीच असावी. ६० वॅटच्या यंत्रावर १५ वॅटचे तीन कर्णे, म्हणजे ४५ वॅट, हें सुरक्षित होय. यंत्र चालूं असतां ह्या स्क्रूंस हात लावूं नये, धक्का बसतो.

४. शिट्टी व तिचा उपाय

कर्ण्याचा आवाज पुन्हां माइकांत शिरला कीं शिट्टी सुरू होते. कर्णे वक्त्याच्या पुढें, लोकांकडे तोंड करून उंच बांधावे. माइक त्यांच्या मागें असावा. वक्त्यानें माइक तोंडाजवळ धरावा. अंतर निम्में केलें तर आवाज सहा डेसिबलनें वाढतो, आणि बटन तितकें खालीं आणतां येतें.

५. सुरक्षितता व कायदा

सर्व जोडणी वीज बंद असतांनाच करावी. फोन व माइक आधीं जोडावे, बटनें शून्यावर आणावीं, ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटीं सुरू करावा. बंद करतांना तो सर्वांत आधीं. अर्थिंग असलेल्या सॉकेटांतूनच वीज घ्यावी. पावसांत सांधे उघडे ठेवूं नयेत. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवितांना धन व ऋण टोकें उलटीं लावूं नयेत.

इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें लाउडस्पीकरास लेखी परवानगी लागते. सरकारनें जाहीर केलेल्या थोड्या दिवसांची सवलत सोडली, तर रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत तो उघड्यावर लावण्यास मनाई आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय ह्यांच्या भोंवतालचें निदान १०० मीटरचें क्षेत्र सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करूं शकतें. आपला शब्द ऐकवितांना आजाऱ्याची झोंप मोडूं नये, हें तर नियमावांचूनही समजावें.

शेवटीं एक गोष्ट. सभा सुरू होण्यापूर्वीं जोडणी करणाऱ्यानें एकास माइकावर बोलावयास सांगून स्वतः शेवटच्या रांगेंत जाऊन बसावें. तेथें शब्द स्पष्ट आला, तर काम झालें. केवळ आवाज मोठा आला, तर अजून काम बाकी आहे.

उजळणीचे प्रश्न

१. फोन माइकाच्या जागीं कां जोडूं नये?
२. १६ ओहमचे चार कर्णे शेजारीं शेजारीं जोडले तर कोणता स्क्रू वापरावा?
३. १०० व्होल्टच्या जोडणींत कशाची बेरीज करावी?
४. तुमच्या गांवीं शेवटच्या रांगेस कोण बसतें, व त्यांस ऐकूं येतें काय?