दाट झाडीतील राखण : आधी ओळख, मग चाप



भात दाण्यावर आले, भुईमुगाच्या शेंगा भरल्या, नाचणीची कणसे जड होऊ लागली की डोंगरकडेच्या शिवारात रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप शेतात शिरला की तो खातो थोडे आणि उकरतो, तुडवतो जास्त. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीला मिळते. त्यामुळे राखणदाराच्या मनात संताप असतो, डोळ्यांवर झोप असते आणि काहींच्या हातात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अपघाताला वेळ लागत नाही. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून काढता येते. परंतु झुडपात हलले ते जनावर नसून आपलाच शेजारी होता, हे बार सुटल्यावर कळले तर ते नुकसान कधीच भरून येत नाही. म्हणून पिकाच्या राखणीइतकाच हाही विषय शेतकऱ्याने समजावून घेणे आवश्यक आहे.

१. प्रथम कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा यांसारख्या वन्य प्राण्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) यांच्यापासून उभ्या पिकाचे नुकसान होत असल्यास याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ही परवानगी हाती असल्याशिवाय प्राण्यावर बार टाकू नये. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो. तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, प्राणी मारण्याचा नव्हे. हा फरक अनेकांच्या ध्यानात राहत नाही. परवानगीने मारलेला प्राणीही शासनाची मालमत्ता असतो. त्याची खबर वनखात्यास देणे बंधनकारक आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परवानगी ठराविक प्राण्यासाठी असते, अंधारात हलणाऱ्या कोणत्याही आकृतीसाठी नसते. म्हणजे लक्ष्य ओळखणे ही जशी माणुसकीची गरज आहे तशी कायद्याचीही.

२. चूक कोठे होते?

अशा अपघातानंतर 'मला डुक्करच दिसले' असे सांगितले जाते. सांगणारा खोटे बोलत असतोच असे नाही. कमी उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत, कडा अस्पष्ट होतात आणि स्थिर वस्तूही हलल्यासारखी भासते. अर्धवट दिसलेल्या आकृतीचा उरलेला भाग मन स्वतःच भरून काढते, आणि तो आपण ज्याची वाट पाहत असतो त्याच आकाराने भरते. तीन रात्री डुकराची वाट पाहणाऱ्याला चौथ्या रात्री काळी पाठ, खाली झुकलेले तोंड आणि हलणारे कान 'दिसतात'. प्रत्यक्षात तेथे घोंगडी पांघरून बसलेला माणूस असू शकतो.

डोळे अंधाराला पूर्णपणे सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. बॅटरीचा झोत किंवा काडीचा उजेड डोळ्यांवर पडला की हा सराव मोडतो व पुन्हा तेवढाच वेळ द्यावा लागतो. म्हणून उजेडातून अंधारात आल्याबरोबर जे दिसते त्यावर विश्वास ठेवू नये.

३. न्यूझीलंडचा धडा

न्यूझीलंड देशात हरणे मूळची नाहीत. एकोणिसाव्या शतकात ती बाहेरून आणून सोडण्यात आली. पुढे त्यांची संख्या वाढून जंगलाचे नुकसान होऊ लागले, त्यामुळे तेथे हरणांच्या शिकारीस मुभा आहे. ही शिकार ओलसर, दाट जंगलात चालते. तेथे काही पावलांपलीकडचे दिसत नाही. लाल हरणांचा माजाचा काळ मार्चअखेर ते एप्रिलमध्ये असतो. या दिवसांत नर मोठ्याने ओरडतात आणि शिकारी त्या ओरडण्याची नक्कल करून त्यांना जवळ बोलावतात. त्यामुळे झाडीतून येणारा आवाज हरणाचा असेल किंवा नक्कल करणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याचाही असेल. अशा अपघातांत गोळी लागलेला माणूस अनेकदा गोळी झाडणाऱ्याच्याच सोबतीचा असतो, असे तेथे आढळून आले आहे.

यावरून त्या देशात बंदूकधाऱ्यांना सात नियम शिकवले जातात. ते आपल्या राखणदारांनीही पाठ करावेत :

(१) प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे.
(२) नळी नेहमी सुरक्षित दिशेला धरावी.
(३) बार टाकण्याची वेळ आल्यावरच काडतूस नळीत भरावे.
(४) लक्ष्याची ओळख निःसंशय पटवावी.
(५) लक्ष्याच्या अलीकडे व पलीकडे काय आहे ते पाहावे.
(६) बंदूक व काडतुसे सुरक्षित जागी ठेवावीत.
(७) दारू किंवा नशा करून बंदुकीस हात लावू नये.

यातील चौथा नियम दाट झाडीत सर्वांत महत्त्वाचा आहे. आवाज, हालचाल, रंग किंवा आकार यांपैकी एकट्या कशालाही ओळख म्हणता येत नाही. संपूर्ण प्राणी दिसला पाहिजे.

४. रात्रीच्या शिवारात कोण कोण असते?

'एवढ्या रात्री येथे कोण येणार?' हा समज घातक आहे. आपल्याकडील शिवार रात्रीही रिकामे नसते. कोकणात पावसाळ्यात चढणीचे मासे व खेकडे धरण्यासाठी लोक ओहोळाकाठी फिरतात. पावसात इरले घेऊन वाकलेला माणूस लांबून जनावराच्या पाठीसारखाच दिसतो. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी बायामाणसे पहाटेच्या अंधारातच रानात जातात व खाली वाकून काम करतात. रात्रीच्या वीजपाळीत पाणी द्यायला आलेला शेतकरी, पहाटे परसाकडे बसलेला वाटसरू, सुटलेले गुरू शोधणारा गुराखी आणि शेजारच्या शेताचा राखणदार हे सर्व त्याच वेळी, त्याच अंधारात असतात. यातील बरेच जण वाकलेले, बसलेले किंवा पांघरलेले असतात. हे ध्यानात ठेवून प्रत्येक हालचाल प्रथम माणसाचीच आहे असे धरावे. ते जनावर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी राखणदाराची आहे.

५. प्राणी कसा ओळखावा?

रानडुक्कर : खांदे उंच, मागील भाग उतरता, मान आखूड, तोंड लांब व बहुधा जमिनीकडे. पाठीच्या कण्यावर ताठ केसांची आयाळ असते. दिवसा शेतात उकरलेली माती पाहावी. मऊ चिखलात पुढील दोन खुरांमागे लहान खुरांचे दोन ठसेही बहुधा उमटतात.

अस्वल : विदर्भात अंधारात हे डुकरासारखे भासते. केस लांब व झुबकेदार असून छातीवर पांढरट पट्टा असतो. याला मारणे गुन्हा आहे आणि जखमी केल्यास ते अत्यंत धोकादायक ठरते.

रोही : नर निळसर राखाडी, मादी भुरी असते. मादीला शिंगे नसल्याने ती सांबराच्या मादीसारखी वाटते. खुरांच्या वरील पांढरे पट्टे व खांद्याकडून मागे उतरलेली पाठ ही रोहीची खूण होय.

सांबर, चितळ : शिंगे नाहीत म्हणून हरिण नाही असे समजू नये. माद्यांना शिंगे नसतात आणि नरांची शिंगे ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात. चितळाचे ठिपके अंधारात दिसत नाहीत.

भेकर : घाबरल्यावर कुत्र्यासारखे भुंकते. आवाजावरून कुत्रा की भेकर हे ठरवता येत नाही.

डोळ्यांच्या चमकण्याबाबत विशेष काळजी घ्यावी. बॅटरीच्या झोतात गाय, म्हैस, हरिण, कुत्रा, मांजर व बिबट्या यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांच्या मागील भागात उजेड परतवणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यांत असा थर नसतो. म्हणजे झुडपात दोन डोळे लखलखताना दिसले तर ते रानडुक्कर नसण्याचीच शक्यता अधिक. तरीही 'डोळे चमकले म्हणून बार टाकला' असे घडते. त्यात शेजाऱ्याची गाभण म्हैस बळी पडू शकते.

६. लक्ष्याच्या पलीकडे काय आहे?

नेम चुकला तरी गोळी थांबत नाही. बारा बोअरचे मोठे छर्रे शेकडो मीटर जाऊ शकतात. झाडीची पाने व फांद्या त्यांना अडवत नाहीत, फक्त दिशा बदलतात. जांभ्या दगडावर किंवा पाण्यावर आपटून ते उसळतात.

येथे मचाणाचा उपयोग पुढील हिशोबावरून कळेल. सपाट जमिनीवर उभे राहून बंदूक १.४ मीटर उंचीवर धरली व २० मीटरवरील जनावराच्या ०.४ मीटर उंचीवर नेम धरला, तर चुकलेला छर्रा सुमारे ८ मीटर पुढे जमिनीला लागेल. नेम अर्धा मीटर वर गेला तर तो ३६ मीटर पुढे जाईल. मचाणावरून बंदूक ४ मीटर उंचीवर असल्यास हीच अंतरे अनुक्रमे सुमारे २ व ६ मीटर होतात. छर्रा वरून मातीत घुसतो व उसळण्याचा धोकाही कमी होतो. मात्र बांधाच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर कधीही बार टाकू नये. त्याच्या पलीकडे वाडी असू शकते.

पिकाची मांडणीही येथे कामी येते. ज्वारी, तूर, ऊस यांसारखी उंच पिके माणूस पूर्णपणे झाकतात. शेताच्या कडेने २ ते ३ मीटरचा पट्टा तण काढून मोकळा ठेवावा किंवा त्यात बुटके पीक घ्यावे. प्राणी त्या पट्ट्यात आल्यावर पूर्ण दिसतो. उभ्या उंच पिकात हालचाल दिसली तर बार न टाकता आवाज करावा.

७. बंदूक हाताळताना

- बोट चापावर ठेवू नये. ओळख पटेपर्यंत ते चापाच्या रिंगणाबाहेर असावे.
- बंदुकीवरील दुर्बिणीतून आकृती 'पाहू' नये. त्याने नळी आपोआप समोरच्या माणसावर रोखली जाते. पाहण्यासाठी वेगळी दुर्बीण किंवा बॅटरी वापरावी.
- गडगा, कुंपण किंवा ओहोळ ओलांडताना आणि मचाणावर चढता-उतरताना बंदूक रिकामी करावी.
- ठासणीच्या बंदुकीची टोपी फुटली पण बार झाला नाही, तर किमान एक मिनिट नळी सुरक्षित दिशेलाच धरून ठेवावी. दारू उशिराने पेटू शकते.
- घरी बंदूक व काडतुसे वेगवेगळी, कुलपात ठेवावीत.

८. गटाने राखण करताना

संध्याकाळीच प्रत्येकाची जागा ठरवावी व उजेडात ती सर्वांनी पाहून घ्यावी. ठरलेली जागा सोडायची असल्यास प्रथम हाक द्यावी व उत्तर आल्यावरच हलावे. साथीदार नेमका कोठे आहे हे माहीत नसेल तर बंदूक रिकामी करावी. डोक्याला व पाठीला उजेड परतवणारी पट्टी लावावी. केशरी कापड दिवसा उपयोगी पडते, अंधारात नाही. झाडीतून हाकारा करून जनावर बंदुकीसमोर आणण्याची पद्धत तर टाळावीच, कारण जनावरामागे हाकारे असतात आणि बार त्यांच्याच दिशेने जातो. जखमी डुकरामागे रात्री झाडीत शिरू नये. वनखात्यास कळवून उजेडाची वाट पाहावी.

९. बंदुकीवाचून उपाय

कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे हा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे आणि तार माणूस, गुरे व डुक्कर यांत भेद करत नाही. प्रमाणित यंत्राचे सौर कुंपण क्षणिक झटका देते व जीव घेत नाही. सामुदायिक कुंपण, पाळीपाळीने राखण, आवाज व उजेड यांचा अदलून-बदलून वापर हे उपाय करावेत. नुकसान झाल्यास विनाविलंब वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा व भरपाई मागावी.

शेवटी, चापावर बोट नेण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. परवानगी आहे का? पूर्ण प्राणी दिसतो का? तो परवानगीतलाच आहे का? सर्व साथीदार कोठे आहेत? पलीकडे काय आहे? पाचांपैकी एकाचेही उत्तर 'बहुधा' असे आले, तर बंदूक खाली घ्यावी व खणखणीत हाक द्यावी. डुक्कर असेल तर पळून जाईल. माणूस असेल तर ओ देईल.