ध्यान जमत नाही? हातात लाकूड घ्या

"डॉक्टर, डोळे मिटून बसलं की विचार जास्तच येतात हो." ठाण्याच्या कोलशेत-ढोकाळी भागातल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार मी वारंवार ऐकतो. घोडबंदर रोडच्या गर्दीतून रोज ये-जा करणारी चाळिशीतली मंडळी असं सांगतात. सँडोझ, बायरसारख्या इथल्या जुन्या कारखान्यांत उभं आयुष्य यंत्रांपाशी काढून निवृत्त झालेले काकाही हेच सांगतात. झोप तुटक, छातीत धडधड, बीपी थोडं चढलेलं आणि बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल. कुणीतरी त्यांना ध्यान करायला सांगितलेलं असतं, ते जमत नाही आणि मग न जमल्याचीही चिंता लागते.

ध्यान न जमणं हा तुमचा दोष नाही. काही माणसांचं मन रिकामं बसवलं की जुनंच उगाळत राहतं. अशांना मी हाताला काम द्यायला सांगतो, आणि त्यातलं माझ्या विशेष आवडीचं काम म्हणजे चाकूने लाकूड तासणं. यंत्र नको, वर्कशॉप नको. वीतभर काठी, धारदार लहान चाकू आणि वीस मिनिटं पुरतात.

यात घडतं काय? चाकूची धार लाकडाच्या रेषेबरोबर चालली तर ढलपी सलग निघते, उलट गेली तर चाकू अडकतो किंवा लाकूड चिरतं. म्हणजे लक्ष भरकटलं की लाकूड लगेच सांगतं. डोळे, बोटं आणि मनगट एकाच जागी गुंतले की उद्याच्या मीटिंगची उजळणी करायला मनाला फारशी सवड उरत नाही. सुरुवातीला एक गोष्ट मुद्दाम करा: तासताना श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची स्वाभाविक रचना आहे. थोड्या सरावाने हात आणि श्वास एका लयीत येतात.

हाताच्या कामाचा उपचार म्हणून वापर आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचं आशियातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. आपल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही रुग्णांना हातकामात गुंतवलं जातं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी पाऊण तास माती, रंग आणि कागदाचं काम केलं. त्यानंतर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उतरलेलं आढळलं. आधी कधी कला केली होती की नाही, याने विशेष फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता आणि त्यात लाकूडकाम नव्हतं, म्हणून त्याच्या जोरावर मी बीपी बरं करण्याचं वचन देणार नाही. तुमची गोळी चालूच ठेवायची.

लाकूड मऊ निवडा. सावंतवाडीची लाकडी फळं ज्या पांगाऱ्यापासून करत आले, तो उत्तम. शिवणही छान कोरली जाते. पावसाळ्याआधी सोसायटीतल्या झाडांची छाटणी होते, तेव्हा ओळखीच्या झाडाची ओली फांदी मागून घ्या. ओलं लाकूड सुक्यापेक्षा सहज कापलं जातं. कण्हेर मात्र विषारी आहे, तिला हात लावू नका. बिब्ब्याने अंगावर फोड येतात. आपल्या खाडीकाठच्या कांदळवनात तर चुकूनही चाकू चालवू नका. ती झाडं कायद्याने संरक्षित आहेतच, शिवाय त्यांतल्या गेवा नावाच्या झाडाचा दुधाळ चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. पहिल्याच दिवशी गणपती कोरायला घेऊ नका. साधी खुंटी करा, नाहीतर लोणी काढायची चपटी पळी.

आता सुरक्षिततेकडे नीट लक्ष द्या. लाकूड मांडीवर धरून तासू नका, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. कोपर गुडघ्यांवर टेकवा, काम गुडघ्यांच्या पुढे धरा आणि चाकू शरीरापासून दूर चालवा. लाकूड धरणाऱ्या हातात कापरोधक हातमोजा घाला. हाताच्या अंतरात लहान मूल नको. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि तोच घसरतो, म्हणून धार राखा. चाळिशीचा चष्मा लावा, उजेड भरपूर घ्या. बोटं आखडली की थांबा. मधुमेह असेल तर विशेषतः, कारण त्या रुग्णांत बोट अडकण्याचा त्रास जास्त दिसतो. पॉलिश पेपरने घासताना मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ दमा वाढवते, आणि वर्षानुवर्षे ती श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांत नाकाचा कर्करोग आढळला आहे.

कापलंच तर जखमेत हळद किंवा कॉफी भरू नका. वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा आणि मध्येच उघडून पाहू नका. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर स्नायुबंध किंवा नस कापलेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवून डॉक्टरांना सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हात थरथरणाऱ्यांनी आणि झोपेची गोळी घेतल्यावर कुणीही चाकू हाती धरू नये. अशांसाठी शाळेत करायचो तसं साबणावरचं कोरीव काम आहे. आइस्क्रीमची काडी किंवा बोथट चमचा पुरतो, आणि लक्ष तितकंच गुंततं. घरात कुणाच्या मनात जीव द्यायचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर हा छंद सुचवू नका. चाकू-सुऱ्या कुलपात ठेवा, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.